हवेचा पाइप

शनिशिंगणापूर,
१ जून २०२५

ती. बिभीषणमामा यांस,
कल्याणचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही पाठवलेली तिकिटं लावलेली पाकिटं पोहोचली. ‘मोबाईलवर लिहिलं की तू हात जोडल्याचं चित्र पाठवतोस आणि विषय संपवतोस, म्हणून यापुढं कागदावर उत्तर दे’ हे वाचून सुकन्या दिवसभर हसत होती. घशाच्या ऑपरेशननंतर तुमचं फोनवर बोलणं संपलं, हे कळतं मला. पण लिहायची सवय गेली. दुकानावर ‘तेल व रुईच्या माळा मिळतील’ ही पाटी रंगवली, ते माझं शेवटचं लेखन.

लिहिण्यास कारण की घरात वास येतोय. संडासाचा म्हणा, कुजल्याचा म्हणा. दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर भक्तांना उतरायला तीन खोल्या काढल्या, प्रत्येकीत संडास-बाथरूम केलं. वास मात्र खाली, आम्ही राहतो तिथं. मार्चातल्या अमावस्येपासून सुरू झालाय. शनी जयंतीला तर सोनईचे व्याही चहा न घेता उठले. फिनेल ओतलं, कापूर जाळला, टाकी उपसून घेतली. उपसणारा म्हणाला, टाकी निर्दोष आहे.

तुमची एकतीस वर्षं पुण्यातल्या इमारतींचे पाइप बघण्यात गेली. काय करावं ते कळवा.

बाकी क्षेम. आईची तब्येत वयाप्रमाणे.

आपला,
कल्याण


पिंपरी, पुणे
८ जून २०२५

चि. कल्याण,
अनेक आशीर्वाद.

वासाला पानभर जागा आणि आईला तीन शब्द. ‘वयाप्रमाणे’ म्हणजे कशी? वयाप्रमाणे तर मीही आहे. गळ्याला भोक आहे, तोंडातून आवाज निघत नाही आणि रोज दुपारी इस्पितळात एका यंत्राखाली पडून असतो. त्या तारखा जुलैअखेरपर्यंत आहेत, तोवर मला हलता येत नाही. तेव्हा विचारतो त्याची नीट उत्तरं दे.

आधी एक गोष्ट डोक्यात घाल. टाकी उपसून वास जात नसतो. टाकीत घाण असायचीच, ती तिथं नाही तर कुठं असेल? घरात येतो तो कोंडलेल्या हवेचा वास. तू तेल विकतोस ना? पंधरा किलोच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं येतं? गुडगुड करत, उचक्या देत. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. संडासाच्या पाइपालाही असं दुसरं भोक लागतं. वरून पाणी सुटलं की खालची हवा दबते, तिला निघून जायला एक पाइप गच्चीच्या वर सात फूट उभा करतात. त्यातून नुसती हवा जाते, म्हणून लोकांना तो फुकटचा वाटतो. आपल्याकडे जे काम करताना दिसत नाही ते बिनकामाचं, मग तो पाइप असो नाहीतर म्हातारं माणूस.

तो हवेचा पाइप कुठं चिरला किंवा बुजला असेल तर ती हवा घरात शिरते. सगळ्या खोल्यांचे दरवाजे लावून घ्या, तासाभरानं एकेक उघडून आत जा. कोणत्या खोलीत वास सगळ्यात जास्त आहे ते लिही. कोणत्या वारी जास्त येतो ते लिही. आणि गच्चीवर चढून तो पाइप बघ.

अक्काचं सविस्तर लिही. काय खाते, कुठं झोपते, माझं नाव काढते का.

तुझा,
बिभीषणमामा


शनिशिंगणापूर,
२४ जून २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

दरवाजे लावून घ्या म्हणता, कोणते लावू? तुमच्या बहिणीला याच गावात दिलीय, पंचावन्न वर्षं झाली. इथं घराला चौकट असते, कवाड नसतं. कुत्रं शिरू नये म्हणून फार तर एक फळी आडवी लावतो. आतल्या खोल्यांना पडदे, संडासालाही पडदाच. त्यामुळं वास एका खोलीत बसून राहत नाही. तोही भक्तासारखा, विचारल्याशिवाय सगळीकडं फिरतो.

वाराचं म्हणाल तर शनिवारी जास्त, अमावस्येला कहर. त्यावरून बोलणंही झालं. शेजारच्या राहीबाई म्हणाल्या, “शनिवारीच येतो म्हंजी द्येवाचंच कायतरी राह्यलं आसंल तुमच्यात.” मी तेलाचा अभिषेक केला, नारळ ठेवला.

पण आता तुम्ही डोकं शिणवू नका. वास गेला. १४ तारखेनंतर नावालाही नाही. गच्चीवर पाइप काही मला दिसला नाही, पण आता गरजही उरली नाही.

आई सध्या सोनई रस्त्याच्या मळ्यात राहते. विहिरीजवळ मोटारीची खोली आहे ना, तिथं. पत्रा नवा टाकलाय, पंखा आहे. तिला मोकळी हवा मानवते. तिनंच हट्ट धरला.

आपला,
कल्याण


पिंपरी, पुणे
१ जुलै २०२५

चि. कल्याण,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. वास गेला आणि आई मळ्यात गेली, या दोन बातम्या तू अशा वेगवेगळ्या परिच्छेदांत बसवल्यास की जणू त्यांची एकमेकींशी ओळखच नाही. इतकं चांगलं लिहिता येतं, मग पाटी रंगवण्यात आयुष्य का घालवलंस?

शहात्तर वर्षांची बाई. दिवस मावळला की तिला दिसत नाही. ती मोटारीच्या धडधडीशेजारी झोपायचा हट्ट कशाला धरेल? आणि धरला तर तू तो लगेच कसा पुरवलास? तुझ्या लग्नात तिनं साध्या बेंजोचा हट्ट धरला होता, तो तू पुरवला नव्हतास.

तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. आमची आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. नऊ वर्षांचा होईपर्यंत मी गोधडी ओली करायचो. माझ्यापायी अक्काला तुझ्या आजोबांनी, म्हणजे आमच्या दादांनी, लग्नानंतरही सहा सहा महिने माहेरी कोल्हारला ठेवून घेतलं. ती पहाटे उठून गोधडी प्रवरेवर धुऊन आणायची आणि दादांना सांगायची, घागर सांडली. दादा म्हणायचे, या घरात घागर भलतीच सांडते. सात वर्षं ती घागर सांडत होती. मला एकदाही कुणी नाक मुरडून बघितलं नाही, कारण तिनं कुणाला कळूच दिलं नाही.

आता पाइपाचं. शनिवारात देवाला ओढू नकोस. शनिवारी तुझ्या वरच्या तिन्ही खोल्या भरतात. माणसं वाढली की पाणी जास्त वेळा सुटतं, पाणी सुटलं की हवा दबते, हवा दबली की वास येतो. यात ग्रह कुठंच नाही. मला एवढंच सांग, १४ जूननंतर त्या खोल्यांत कोण उतरलं होतं? खरं सांग.

मामा


शनिशिंगणापूर,
१३ जुलै २०२५

ती. मामांस,
सुकन्याचा नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी वाचून कॅलेंडरमागं ठेवलं. मी काढून वाचलं. ह्यांना विचारलं, उत्तर द्यायचं का? म्हणाले, “तू लिही. मला लिहवत न्हाई.” म्हणून लिहिते.

वरच्या खोल्या १५ जूनपासून रंगवायला बंद होत्या. एकही माणूस नव्हतं. ५ जुलैला उघडल्या. काल शनिवार होता, तिन्ही भरल्या. आणि काल आत्याबाईंच्या रिकाम्या खोलीत वास आला. त्यांची कॉट उन्हात टाकली होती, गोधड्या जाळून टाकल्या होत्या, तरी आला. हे म्हणतात, भिंतीत मुरलाय. मामा, माणसाचा वास भिंतीत मुरतो का?

आता जे ह्यांनी लिहिलं नाही ते. वास पहिल्यापासून त्यांच्याच खोलीत जास्त होता. आणि पहिल्यांदा मीच म्हणाले. “आत्याबाई, पातळ बदलता का?” एवढंच म्हणाले, पण म्हणाले. त्यांनी बदललं. दुपारी पुन्हा आंघोळ केली. पुढं दिवसाला तीन आंघोळी, लिंबाचा पाला घालून. मग पाणी प्यायचं कमी केलं. मग भाकरी अर्धी, मग चतकोर, मग नुसतं वाटीभर दूध. मी विचारलं तर म्हणाल्या, “पोटात काय गेलंच न्हाई तर भाईर काय यील?”

शनी जयंतीला व्याही उठून गेले. ओसरीवर ते ह्यांना म्हणाले, “म्हाताऱ्या मानसाचं आसंच असतं, आमी समजून हाओत.” आमच्या घरात दार नाही. आत्याबाई पडद्यामागं बसल्या होत्या.

१४ तारखेला सकाळी त्यांनी स्वतःच गाठोडं बांधलं. म्हणाल्या, “मला मळ्यात सोडा. द्येवाला बी माझा वास सोसंना.” ह्यांनी मोटारसायकल बाहेर काढली. ह्यांनी ‘नको’ म्हणायला हवं होतं. मीही म्हणाले नाही. त्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी घर स्वच्छ झालं. आम्हा दोघांना बरं वाटलं, मामा. हे लिहायला अवघड आहे, पण तुम्ही खरं विचारलंत.

मी रोज डबा घेऊन जाते. त्या मला बांधाच्या अलीकडं थांबायला सांगतात. डबा ठेवायचा, मागं सरायचं, मग त्या येऊन उचलतात. संध्याकाळी डबा तसाच असतो, वरून फडकं नीट बांधलेलं. हातातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत चढतात.

तुम्ही सांगाल ते करते. लवकर सांगा.

सुकन्या


पिंपरी, पुणे
१९ जुलै २०२५

चि. सौ. सुकन्या,
आशीर्वाद.

तुझं पत्र माझ्या भाच्यानं लिहायला हवं होतं. त्याला नाही लिहवलं, तुला लिहवलं. एवढ्यावर मी तुझं ते ‘पातळ बदलता का’ माफ करतो. अक्कानं ते केव्हाच केलं असेल. तिनं स्वतःला मात्र केलेलं नाही, तेच निस्तरायचं आहे.

माणसाचा वास भिंतीत मुरत नाही. भिंतीत पाइप असतो. तो नक्की कुठं गळतो ते शोधू. मोठ्या इमारतीत आम्ही यंत्रानं धूर सोडायचो, पण तू घरात तो उद्योग करू नकोस. संडासाच्या टाकीतला वायू पेट घेतो. गोवरी, निखारा, उदबत्तीसुद्धा पाइपाजवळ नेऊ नकोस.

आयुर्वेदिक दुकानातून पेपरमिंटच्या तेलाची बाटली आण. दार नाही तर नसू दे, सगळ्या चौकटींना ओल्या चादरी टांग, जमिनीपर्यंत. त्यानं हवा बरीचशी अडते. खोल्या भरलेल्या असतील असा शनिवार निवड. वरच्या मजल्यावरच्या संडासात ती बाटली रिकामी करायची आणि पाठोपाठ बादलीभर कढत पाणी. हे काम कल्याणनं करायचं. आणि ऐक, यातच सगळे चुकतात: ज्यानं तेल ओतलं त्यानं घरात पाऊल टाकायचं नाही, कारण मग वास त्याच्याच हाताचा येतो आणि प्रत्येक भिंत गुन्हेगार वाटते. तू खाली थांब. दहा मिनिटांनी एकेक चादर बाजूला करून आत जा. जिथं खोकल्याच्या गोळीसारखा वास येईल, तिथं साबणाचा दाट फेस करून भिंतीच्या फटीवर लाव आणि वर पाणी सोडायला सांग. फेस फुगला की तीच जागा.

तोवर अक्काला ताक दे. दूध नको, तिला दुधाचा वास येतो असं वाटेल. पातळ ताक, जिरं घालून. ती नाही म्हणेल. डबा ठेवून लांब सरकत जा, पण घरी परत फिरू नकोस. दिसशील अशी बस.

मामा


शनिशिंगणापूर,
३ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

सापडलं.

काल वर पुष्कळ भक्त होते, श्रावणी शनिवार. ह्यांनी तेल ओतलं आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. अंगाला पेपरमिंटचा इतका वास की तेल घ्यायला आलेल्या एका माणसानं विचारलं, “शेठ, सर्दी झाली का?” मी आत. स्वयंपाकघरात काही नाही. आमच्या खोलीत काही नाही. आत्याबाईंच्या चौकटीवरची चादर उचलली आणि डोळ्यांत पाणी आलं, इतका पेपरमिंट. त्यांचं भिंतीतलं फडताळ आहे ना, पातळं ठेवायचं, त्याच्या मागच्या अंगानं येत होता. म्हणून पातळांना वास लागायचा, मामा. त्या धुऊन ठेवायच्या आणि फडताळ रात्रंदिवस त्यात वास भरायचं.

फेस लावला. वर पाणी सोडलं. लिंबाएवढा फुगा आला आणि फुटला. मी पुन्हा सोडायला सांगितलं, पुन्हा आला. सात-आठ वेळा सोडायला सांगितलं, उगाचच. नुसती बघत राहिले.

छगन मिस्त्रीला बोलावलं, त्यानंच बांधकाम केलंय. त्यानं वीतभर भिंत फोडली. आत पाइपाचा जोड नुसता एकात एक खुपसलेला, चिकटवायचं सोल्युशन लावलेलंच नाही. ह्यांनी विचारलं तर म्हणाला, “आतल्या अंगाला कोन बघतंय?” मग विचारलं, वरचं तोंड कुठाय? तो ह्यांच्याकडं बघायला लागला. म्हणाला, “शेठ, तुमीच कापाया लावलं हुतं.”

ह्यांना आठवलं. वरच्या खोल्या झाल्या तेव्हा कठड्यावर स्टीलची मोठी अक्षरं बसवली, ‘मातोश्री’. मोबाईलवर खोल्यांची जाहिरात टाकायला फोटो काढला तर तो पाइप बरोबर ‘श्री’च्या पुढं यायचा. हे म्हणाले होते, श्रीच्या म्होरं संडासाचा पाइप नको. छगननं तो स्लॅबच्या खाली कापून, टोपण घालून, वरून गिलावा केला. हवेला जायला वाट राहिली नाही. दीड-दोन वर्षं तो जोड टिकला, यंदा मार्चात सुटला.

हे दुपारपासून गच्चीवर अक्षरांच्या मागं बसले होते. जेवायला आले नाहीत.

मी मळ्यात धावत गेले, आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “माझं मन राखाया बोलती तू. गुनाची हाईस.” आणि मागं सर म्हणाल्या.

आता काय करू?

सुकन्या


पिंपरी, पुणे
७ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सुकन्या,

घाईत लिहितो. भिंत बुजवू नका. जोडाला हात लावू नका. छगनला थांबव.

अक्काला सांगून पटणार नाही. चार महिने तिच्या नाकानं तिला एक गोष्ट सांगितली आहे, तुझ्या तोंडानं ती पुसली जाणार नाही. तिला दाखवावं लागेल. तिला घरी आण, त्या फडताळासमोर बसव, वास येऊ दे. तिच्या डोळ्यांदेखत फेस फुगू दे. मग तिच्यासमोर जोड चिकटवा, तिच्यासमोर वास जाऊ दे. ती खोलीत असताना वास गेला पाहिजे, हे महत्त्वाचं. ती नसताना गेला तर तिचं म्हणणं खरं ठरेल.

माझ्या यंत्राच्या तारखा संपल्या. डॉक्टर सोडतील तसा निघतो.

मामा


शनिशिंगणापूर,
११ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
कल्याणचा नमस्कार.

तुमच्या उत्तराची वाट बघितली नाही. ५ तारखेलाच छगनला उभं करून जोड बदलून घेतला, सोल्युशन लावून पक्का केला, भिंत बुजवून रंगही दिला. स्लॅबमधून पाइप वर काढून तात्पुरता फूटभर ठेवलाय. मला ते भोक बघवत नव्हतं. जाता-येता दिसायचं आणि वाटायचं, भिंत तोंड उघडून बसलीय.

मामा, पाइप मी कापला आणि नाव तिच्यावर घातलं. घातलं असंही नाही. ती स्वतःवर घेत होती आणि मी घेऊ दिलं, ते सोयीचं होतं. व्याही ओसरीवर बोलले तेव्हा मला आठवतंय, मी मान हलवली होती.

९ तारखेला, राखी पौर्णिमेला, तिला आणायला गेलो. यायला तयार नव्हती, हाताला धरून आणली. चौकटीत उभी राहिली. आत आली नाही. हुंगून बघितलं आणि हसली. म्हणाली, “बघ, मी गेले तवा घर कसं सुदारलं.” मी भिंत दाखवली. नवा रंग दाखवला. ती म्हणाली, “रंग द्यावाच लागतो बाबा, म्हाताऱ्याच्या खोलीला.” आणि पाठ फिरवून चालायला लागली. रस्त्यानं मी मागं आणि ती पुढं. जवळ गेलो की लांब हो म्हणायची.

तुम्हाला राखी पाठवू का विचारलं तर म्हणाली, “नगं. पाकिटाला वास लागंल, पोस्टातली मान्सं काय म्हनतील.”

हे पाकीट चिकटवत होतो, इतक्यात पोस्टमन तुमचं सुकन्याच्या नावचं पत्र देऊन गेला. ‘छगनला थांबव’ असं लिहिलंय. छगन सहा दिवसांपूर्वी येऊन गेला.

कल्याण


मळा, सोनई रस्ता
३१ ऑगस्ट २०२५

चि. कल्याण,

तू इथून दीड किलोमीटरवर आहेस आणि मी तुला पत्र लिहितोय. पाटीवर लिहून दाखवलं की तू निम्मं वाचून मान हलवतोस. कागद घरी नेऊन वाचावा लागतो, म्हणून कागद.

२३ तारखेच्या शनी अमावस्येला मी तुझ्या नव्या रंगाची भिंत पुन्हा फोडली, जोड कापून सैल केला, गच्चीवरच्या तोंडात तेवढ्यापुरता बोळा कोंबला, तेव्हा तू एका शब्दानं अडवलं नाहीस. ते मी तुझ्या जमेस धरलं. अक्काला खुर्चीवर बसवून आणलं. फेस फुगला. इतका मोठा फुगा मी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता, वरच्या भक्तांची कृपा. तिनं शांतपणे बघितलं. मग तुमच्यासमोर काय म्हणाली ते तू ऐकलंस: “फेस भितीतून आला, खरं हाय. पन भितीला बी माझाच लागला आसंल की.” तुम्ही दोघं रडायला लागलात, म्हणून पुढचं तुम्हाला ऐकू आलं नाही. ती मला म्हणाली, “पोरं चांगली हाईत रे. किती खटाटोप करत्यात माझ्यासाठी.”

तर तिथं माझी विद्या संपली. गळती सापडली, कारण सापडलं, दुरुस्ती झाली. रोग्याला मात्र निदान मान्य नाही.

त्या दिवसापासून मी इथं मोटारीच्या खोलीत तिच्यासोबत आहे. पहिले तीन दिवस तिनं मला बांधापलीकडं बसवलं, सुकन्येसारखं. चौथ्या दिवशी मी पाटीवर लिहिलं. अक्का चौथी शिकलेली आहे, दिवसाउजेडी वाचते. लिहिलं की ऑपरेशननंतर माझा श्वास गळ्यातल्या भोकातून जातो, नाकातून वारा फिरतच नाही, जानेवारीपासून मला कसलाच वास येत नाही. फुलाचा नाही, फोडणीचा नाही, कुणाचाच नाही. हे मी तुम्हाला कुणालाच लिहिलं नव्हतं. पाइपातला वास शोधणाऱ्याचं नाक गेलं, ही काही मिरवायची गोष्ट नाही.

तिनं दोनदा वाचलं. मग आत गेली, हिंगाची डबी आणली आणि झाकण काढून माझ्या नाकाखाली धरली. बराच वेळ धरली. मी बसून राहिलो. मग कोपऱ्यातली डिझेलची चिंधी आणली. तरी बसून राहिलो. तिनं चिंधी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि माझ्याजवळ येऊन बसली. हाताच्या अंतरावर. म्हणाली, “मंग तुझ्याजवळ बसाया हरकत न्हाई.” आणि ताकात कुस्करून अर्धी भाकरी खाल्ली. एकतीस वर्षांचा अनुभव घेऊन आलो होतो, कामाला आलं ते नसलेलं नाक.

रोज खाते आता, अर्धी. मी समोर असलो तरच. सोनईचे डॉक्टर काल येऊन गेले. इतके महिने पाणी तोडल्यानं मूत्रपिंडं कामातून गेलीत. दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर ती खाटेचा गज धरून बसली, तिथं शेजारी दुसऱ्यांच्या खाटा असतात म्हणून. डॉक्टर म्हणाले, मग इथंच राहू द्या. दिवस किती, ते मी पाटीवर लिहून विचारलं. त्यांनी पाटी वाचली आणि माझ्या हातात परत दिली.

छगनकडून पाइप गच्चीवर सात फूट पुरा करून घे. ‘श्री’च्या पुढं आला तर येऊ दे. अक्काला घरी न्यायचं मात्र आता काढू नकोस. हाताला धरून तर मुळीच नको.

तू इकडं ये. रोज ये, दुकान सुकन्या बघेल. अक्का वाऱ्याचा अंदाज घेऊन बसते. या दिवसांत वारा पश्चिमेकडून असतो, म्हणून ती आपल्या सगळ्यांच्या पूर्वेला सरकते, आपला वास कुणाकडं जाऊ नये एवढ्यासाठी. तू बांधावर थांबू नकोस. तिला वळसा घालून पलीकडं जा आणि तिच्याही पूर्वेला, वारा तिच्यावरून तुझ्याकडं येईल असा बस. काही बोलू नकोस, समजावू नकोस, पाइपाचं तर नावच काढू नकोस. ती ‘ऊठ’ म्हणेल. दहादा म्हणेल, चिडेल, रडेलही.

उठू नकोस.

मामा